शब्द जुळला नाही

कल्याणच्या फोनवर कुस्तीचा व्हिडिओ एकदाही न अडखळता सुरू झाला आणि सुग्रीवच्या हातातली तुरीची शेंग अर्धी सोललेलीच राहिली. तसं बघायला गेलं तर काहीच झालं नव्हतं. रविवारची दुपार, बदनापुरातल्या भाड्याच्या घराचा ओटा, मधे मीठ घालून उकडलेल्या शेंगांचं पातेलं, आणि समोर मांडी घालून बसलेला कल्याण. सुग्रीवची बायको रेणुका ज्या कृषी संशोधन केंद्रात नोकरीला होती तिथंच तो प्लॉटवर कामाला होता. शिवाय तिच्या माहेरच्या वस्तीवरचा, म्हणजे सुग्रीवला दाजी म्हणणारा. शेंगा त्यानंच आणल्या होत्या. दाजी, हे बघा, आपल्याकडचं पोरगं कसं खेळून राह्यलं, असं म्हणत त्यानं फोन पुढं केला. सुग्रीवनं पोरगं पाहिलंच नाही. त्यानं पाहिली ती फोनच्या वरच्या कोपऱ्यातली पंख्याच्या आकाराची बारकी खूण. हे घर सरकीच्या गोदामाच्या पत्र्याआड. इथं कुठल्याच कंपनीची रेंज धड येत नाही, साधा फोन लावायचा तर रस्त्यावर जाऊन उभं राहावं लागतं. इथं व्हिडिओ चालतो तो घरच्या वाय-फायवर, आणि घरच्या वाय-फायला पासवर्ड लागतो. कल्याणनं तर कुणाला काही विचारलं नव्हतं. आला, बसला, फोन काढला, आणि फोन आपला आपण जोडला गेला. फोन असा जोडला जातो तो आधी कधीतरी आत येऊन गेलेला असला तरच. माणूस विसरेल, फोन विसरत नाही. तुमचं नेट लई फास्ट हाय, असं कल्याण म्हणाला, त्यावर सुग्रीव नुसता 'हां' म्हणाला. कल्याण गेल्यावर रेणुका पातेलं उचलता उचलता म्हणाली की पोरगा गुणाचा हाय, आठवणीनं शेंगा घेऊन आला. सुग्रीव म्हणाला, मीठ फार झालंय. मीठ अगदी बेताचं होतं.

आता यातली गंमत अशी, गंमत कसली, अवदसाच म्हणायची, की घरच्या वाय-फायचा पासवर्ड खुद्द सुग्रीवला माहीत नव्हता. आणि हा माणूस पोट भरत होता तो त्याच धंद्यावर. जालन्यात राधेश्याम शेठची इंटरनेट पुरवणारी छोटी कंपनी होती, तिथं राउटर बसवायचं, त्यांची जोडणी करायचं काम सुग्रीवकडं. त्यासाठी त्यानं एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिली होती. गिऱ्हाइकानं आपल्या मनातला शब्द तीत टाकायचा. स्क्रिप्ट तो शब्द आणि नेटवर्कचं नाव एकत्र घेऊन चार हजारांवर वेळा घुसळायची, आणि शेवटी चौसष्ट अक्षरांची एक लांबलचक किल्ली बाहेर काढायची. राउटरमध्ये ठेवायची ती किल्ली. शब्द राहतो गिऱ्हाइकाच्या डोक्यात. शब्दावरून किल्ली निघते, किल्लीवरून शब्द निघत नाही. दुधाचं तूप होतं, तुपाचं पुन्हा दूध करून दाखवा बरं, असं तो शेठला समजवायचा आणि शेठला ते पटायचं. दिवाळीच्या पाडव्याला रेणुकानं ओवाळलं तेव्हा साडीबरोबर यानं लॅपटॉपही तिच्यापुढं ठेवला. घरात सगळं आपल्या नावाचं, भाडेकरार, गॅस, गाडी. निदान एक कुलूप तिचं असावं, अशी कल्पना त्याला सुचली होती आणि तिच्यावर तो स्वतःच खूश होता. घराच्या नेटवर्कचं नावही त्यानं रेणुकाच ठेवलं. म्हणाला, शब्द तू टाक, मी बघणार न्हाई, आन् कधी इचारणारबी न्हाई. आणि खरंच भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. शब्द टाकताना पडद्यावर काही दिसत नाही, साधे ठिपकेसुद्धा नाहीत, तशीच सोय त्यानं करून ठेवली होती. त्याला ऐकू येत होता तो फक्त बटणांचा आवाज, हळू, एकेक अक्षर हुडकत चाललेला. आणि मधेच ती हसली होती. मोठ्यानं नव्हे, नाकातल्या नाकात. किल्ली तयार झाली, ती त्यानं राउटरमध्ये टाकली, स्वतःच्या फोनमध्येही चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं तशीच उतरवून घेतली, आणि पुढं महिनाभर भेटेल त्याला सांगत सुटला की आमच्या घरचा पासवर्ड आम्हालाच ठाऊक नाही.

ते हसू आता त्याला झोपू देईना. त्या वेळी गोड वाटलं होतं. नवऱ्यानं काहीतरी वेगळं दिलं म्हणून बाई हसली, असा त्यानं हिशेब लावला होता. पण माणूस शब्द टाकताना मधेच हसतो तो त्या शब्दाला हसतो, देणाऱ्याला नव्हे. एवढं कळायला त्याला कल्याणच्या फोनची खूण दिसावी लागली. कोणता शब्द होता तो, की जो नुसता बोटांखालून जाताना हसू यावं? आणि तो शब्द आता कल्याणकडं आहे. आपल्याकडं काय, तर किल्ली. ही लांबच्या लांब, तोंडपाठसुद्धा न होणारी, जिला ना नाव ना अर्थ. किल्ली काय, कुणालाही देता येते, दूधवाल्याच्या हातातही देता येते. शब्द सांगतात तो जिवाभावाच्या माणसाला. राउटर उघडून बघावं, कल्याणचा फोन पहिल्यांदा कधी आत आला ते, असंही त्याच्या मनात आलं. पण इथं वीज रोज जाते आणि वीज गेली की राउटर मागच्या सगळ्या नोंदी विसरतो. रेणुकानं शब्द न सांगता आपल्या फोनवरून नुसताच क्यूआर कोड दाखवून त्याला आत घेतलं असेल का? तिच्या जुन्या फोनला ती सोयच नव्हती. म्हणजे सांगितला. तोंडानं सांगितला. कुठं सांगितला असेल? याच ओट्यावर की आत स्वयंपाकघरात, की तिकडं केंद्रात, तुरीच्या ओळींमधून चालताना? सरळ विचारावं तर विचारणार न्हाई म्हणून आपणच फुशारकी मारलेली. आणि विचारलं म्हणजे संशय आला हे कबूल केलं. सुग्रीवसारख्या माणसाला जीव जाईल पण ते होणार नाही.

कल्याण दाजी म्हणायचा. दाजी म्हणणं सोपं असतं, जिभेला काय हाड आहे. सुग्रीवला कधीपासून सलत होती ती दुसरीच गोष्ट. रेणुका कल्याणला अरे म्हणायची. नवऱ्याला 'अवो' आणि त्याला 'अरे'. यात वावगं काही नाही, जगरहाटीच आहे, गावचा भाऊ तो अरेच असायचा आणि नवरा तो अवोच. सुग्रीवची आई, नंदाबाई, वडलांना उभ्या जन्मात अवोच म्हणत आली. पण ओट्यावर बसून 'अरे गप, तुला काय कळतंय' असं रेणुका कल्याणला म्हणायची तेव्हा सुग्रीव उगाच फोन काढून बघायचा. आपल्याला असं कुणी गप म्हणत नाही. आपल्याला चहा मिळतो, इस्त्रीचा शर्ट मिळतो, 'अवो, जेवता का' मिळतं. आणि ती दोघं बोलायला लागली की तिची बोली बदलायची, भराभर व्हायची, शब्द एकमेकांवर चढायचे, आणि मधेच एखाद्या नावावर दोघंही फसकन हसायची. कोण, काय, ते सुग्रीवला लागायचं नाही. तसं म्हटलं तर दोन्ही घरं मुळात मेंढरामागचीच. पण सुग्रीवच्या आज्यानं मेंढरं विकून मंठ्याकडं जमीन घेतली त्याला आता तीन पिढ्या झाल्या, आणि नंदाबाई स्वतःला कास्तकारीण म्हणवते. रेणुकाच्या बापानं मात्र अगदी अलीकडं वाडा मोडला, म्हणजे मेंढरांचा कळप विकून टाकला. ती शाळेत जायची ती आत्याकडं राहून; उन्हाळ्याच्या सुट्टीत घोड्यावर बिऱ्हाड बांधून कळपामागं. लग्न झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत ती ते सांगायची. पावसात कोकरू पोटाशी घेऊन बसल्याचं, कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवली असताना लांडगा आल्याचं. नंदाबाई म्हणाली की ते मेंढरामागचं इथं कशाला. सुग्रीव काही म्हणाला नव्हता. त्यानं तिला अडवलंही नव्हतं आणि पुढं काय झालं असं विचारलंही नव्हतं. हातात फोन होता, तो बघत होता. सांगणं कधी बंद झालं ते त्याच्या लक्षातही आलं नाही. आता कल्याण आला की ते सगळं जिथं थांबलं होतं तिथून पुन्हा सुरू व्हायचं, आणि यजमान असून हा पाहुण्यासारखा शेंगा सोलत बसायचा.

सोमवारी पॅसेंजरनं जालन्याला उतरून तो दुकानात गेला तो थेट लॅपटॉप उघडून बसला. काम पडलं होतं, ते पडू दिलं. किल्लीवरून शब्द निघत नाही हे खरं. पण शब्दावरून किल्ली निघते. मग आपण एकेक शब्द टाकून बघावा, किल्ली काढावी, आणि घरच्या किल्लीशी ताडून बघावी. जुळली की तो शब्द. स्क्रिप्टच्या शेवटी त्यानं ही ताडणी जोडून दिली आणि निरोपही मराठीत लिहिला, 'शब्द जुळला' नाही तर 'शब्द जुळला नाही'. यंत्राला हजारो शब्द एका दमात घालता आले असते, ते त्याला येतही होतं. पण त्याला प्रत्येक शब्दाचा निकाल आपल्या डोळ्यांनी बघायचा होता. पहिला शब्द त्यानं स्वतःचा टाकला. माणसाला केवढी आशा असते बघा. सुग्रीव आणि रेणुका, दोन्ही नावं जोडून. शब्द जुळला नाही. मग रेणुका आधी, सुग्रीव नंतर. शब्द जुळला नाही. लग्नाची तारीख, तिच्या वस्तीचं नाव, बिरोबाच्या नावानं चांगभलं, तिच्या आईबापाची नावं जोडून. शब्द जुळला नाही. त्या एकाच नावाभोवती तो फिरत होता, आंबोण ठेवलेल्या घमेल्याभोवती शेळी फिरते तसा, आणि तोंड घालायची हिंमत होत नव्हती. शेवटी घातलं. कल्याण. तर स्क्रिप्टनं ते घेतलंच नाही. आठ अक्षरांहून छोटा शब्द चालत नाही, हा नियम सगळ्या वाय-फायचा, आणि इंग्रजी अक्षरांत कल्याण भरतो सहा. दोन अक्षरं कमी पडली. म्हणजे नुसतं कल्याण नव्हतंच, हे सिद्ध झालं, इथंच थांबावं की नाही? पण संशयाला कुठं बूड असतं. दोन अक्षरं कमी आहेत म्हणजे पुढंमागं काहीतरी जोडलेलं असणार. काय जोडलं असेल? आणि सुग्रीवला आपल्या बायकोच्या जागी बसून, कल्याणच्या नावाला काय जोडावं याचा विचार करावा लागला. कल्याणदादा, यावर तो क्षणभर खूशही झाला, जुळलं असतं तर त्यानं पेढे वाटले असते. जुळलं नाही. मग रेणुका आणि कल्याण. जुळलं नाही. मग त्यानं लिहिलं, माझाकल्याण. लिहून तो त्याकडं बघत राहिला, म्हणजे बघण्यासारखं काही नव्हतंच, पडदा कोराच होता. पण बोटांना माहीत होतं काय लिहिलंय ते. दाबू की नको करत त्यानं बटण दाबलं.

शब्द जुळला नाही. सुग्रीवनं खुर्चीला पाठ टेकली आणि कालपासून पहिल्यांदाच पोटभर श्वास घेतला. त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि लाजेपेक्षा हलकंच जास्त वाटलं. संध्याकाळी त्यानं जिलबी घेतली. गाडीत बसायला जागा मिळाली, समोरच्या म्हातारीनं तंबाखू मागितली तर नसल्याबद्दल त्याला वाईट वाटलं, जग कसं सरळ झालं होतं. घरी रेणुका भाकरी थापत होती. तव्यावरच्या भाकरीचा वास, तिच्या कपाळावर पिठाचं बोट लागलेलं, आणि एरवी कधी स्वयंपाकघरात न जाणारा हा दारात उभा राहून तिला बघत राहिला. तिनं विचारलं की आज काय विशेष. तो म्हणाला, काही नाही, जिलबी चांगली दिसली. तिनं पिठाच्या हातानं एक तुकडा तोंडात टाकला, डोळे बारीक केले आणि म्हणाली की कल्याणला जिलबी लई आवडते. जिलबीच्या कागदाकडं बघत तो, हो का, म्हणाला. त्या रात्री तो झोपला मात्र छान.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाची किल्ली काढताना त्याचं लक्ष गेलं. स्क्रिप्टच्या वरच्या ओळीत नेटवर्कचं नाव होतं ते दुकानातल्या चाचणीच्या नेटवर्कचं. दिवसभर तो त्याच नेटवर्कवर गिऱ्हाइकांचे राउटर तपासून बघायचा, म्हणून तेच तिथं कायमचं बसलं होतं, आणि काल डोकं ठिकाणावर नसल्यानं ते बदलायचं राहून गेलं. किल्ली शब्द आणि नाव दोन्ही मिळून होते. नाव बदललं की तोच शब्द भलतीच किल्ली देतो. हे तो नवीन पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचा. म्हणजे काल त्यानं जेवढे शब्द टाकले त्यांतला खरा शब्द असता तरीही तो जुळला नसता. सगळे निकाल वाया. पंचांनी माणूस निर्दोष म्हणून सोडावा आणि मग कळावं की पंच भलत्याच गावचे होते, तशातली गत. माझाकल्याण पुन्हा मोकळा झाला, पुन्हा तिच्या बोटांखाली आला. आणि कालची जिलबी, कालची झोप, ते दारात उभं राहून बघणं, सगळं त्याला एकदम फसवून घेतल्यासारखं वाटलं. जणू रेणुकानंच ती ओळ चुकीची ठेवली होती. अंगाचा नुसता तिळपापड झाला. शेठनं काही विचारलं तर त्याच्यावरच खेकसला.

नाव दुरुस्त करून त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला स्वतःचं नाव आधी टाकलं नाही. कल्याणदादा, रेणुकाकल्याण, माझाकल्याण, एकही जुळलं नाही. आणि गंमत बघा, या वेळी न जुळण्यानं हलकं वाटेना. एकदा फसलेला माणूस खऱ्यावरही विश्वास ठेवत नाही. नसेल हे, दुसरं काही असेल. कल्याणराजा. गोडकल्याण. कल्याणये. एकदा तर त्यानं आख्खं वाक्य लिहिलं, दुपारी ये कुणी नाही, आणि लिहून झाल्यावर त्याला खरंच ती दुपार दिसली, ओट्यावर चपला काढलेल्या, पडदा ओढलेला, गोदामाच्या पत्र्यावरून येणारं ऊन पडद्यातून आत झिरपलेलं. जे कुठंच घडलं नव्हतं ते आधी त्याला आपल्या हातानं टाइप करावं लागत होतं आणि टाइप केलं की ते घडल्यासारखं राहून जात होतं. शब्द जुळला नाही, असं यंत्र म्हणायचं. त्याच्या मनात मात्र जुळलेला असायचा. आठवडाभर हेच. गिऱ्हाइकाकडं राउटर भिंतीला ठोकताना, गाडीत दांडा धरून उभा असताना, जेवताना, तो जिभेवर शब्द फिरवायचा. आणि त्या सगळ्या शब्दांमध्ये एकच नाव. नवी नवरी नवऱ्याचं नाव घोकणार नाही एवढं त्यानं कल्याणचं नाव घोकलं. रेणुका भांडी घासताना गुणगुणली तर हा कान देऊन बसायचा, गाण्यात काही आहे का. ती फोनवर हसली तर हा पाणी प्यायला उठायचा. तिनं दोनदा विचारलं की अंगात कणकण हाय का, डॉक्टरकडं जावा. तिच्या हाताचा तळवा कपाळाला लागला तेव्हा त्याला रडू येईलसं वाटलं, आणि लगेच वाटलं की हाच हात. मत्सर माणसाला दिलेलं सगळं असं नासवून टाकतो. प्रेम कमी असतं म्हणून नव्हे. सुग्रीवचं कमी नव्हतं, ते त्याला कुठं ठेवावं हेच कळत नव्हतं.

शनिवारी दुपारीच तो डोकं दुखतंय म्हणून घरी आला. रेणुकाला अर्धा दिवस सुट्टी होती. न्हाऊन ओट्याच्या उन्हात केस वाळवत बसली होती, मांडीवर ताटात डाळ, खडे निवडत. त्याला बघून उठायला लागली तर त्यानं बस म्हटलं आणि स्वतः पायरीवर टेकला. चहा टाकू का, असं तिनं विचारलं, तो नको म्हणाला. गोदामात हमाल पोती टाकत होते, त्याचा धप धप आवाज येत होता. आपण काय विचारणार ते त्यानं गाडीत नीट जुळवलं होतं, सहज वाटावं असं. पण तोंडातून आलं ते काहीच न जुळवलेलं.

"कल्याणला शब्द तू कधी सांगितला?"

तिला क्षणभर कळलंच नाही. कसला शब्द, असं तिच्या तोंडावर आलं, मग लक्षात आलं. वाय-फायचा व्हय, असं म्हणून ती पुन्हा ताटाकडं वळली. तिच्या आवाजात काही लपवल्यासारखं नव्हतं, हे सुग्रीवला दिसलं आणि त्यानंच तो जास्त घाबरला. तिनं सांगितलं ते असं. मागं एकदा केंद्रातून परतताना कल्याण तिला गाडीवरून दारापर्यंत सोडायला आला होता. त्याला साहेबांना प्लॉटचे फोटो पाठवायचे होते, इथं रेंज नाही. म्हणाला, तुमच्या वाय-फायचा पासवर्ड सांग. ही म्हणाली, आमच्या ह्यांनी तो मलाच दिलाय, घरात ह्यांनासुद्धा माहीत न्हाई, तुला कशाला सांगू. ओळख, मंग वापर. एवढं सांगून रेणुकानं डाळीतला खडा उचलून बाहेर टाकला. "मी सांगितला न्हाई काही. त्यानंच ओळखला."

सुग्रीवनं आठवडाभर जे केलं होतं ते सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. लॅपटॉप, स्क्रिप्ट, चुकलेली ओळ, पुन्हा पहिल्यापासून. "किती खेपंत?" त्यानं विचारलं.

"पयल्याच," ती म्हणाली.

चोरी नव्हती, लबाडी नव्हती, पडदा ओढलेली दुपार कुठंच नव्हती. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण सुग्रीवला आतून कुणीतरी काहीतरी उपसून नेल्यासारखं झालं. सांगितला असता तर बरं होतं. सांगितलेला शब्द परत घेता येतो, बदलता येतो, भांडता येतं त्यावर. पण पहिल्याच खेपेला ओळखणं, म्हणजे हिच्या मनात काय आहे ते त्याला दारात उभ्या उभ्या, गाडी बंद न करता कळतं, आणि आपण चार वर्षं एका ताटात जेवून, एवढं यंत्र हाताशी घेऊन बाहेरच. याला काय म्हणायचं, कुणाकडं तक्रार करायची? त्याचा चेहरा पडलेला रेणुकाला दिसला असावा. तिनं ताट बाजूला ठेवलं, ओले केस मागं टाकले आणि गुडघ्यांना मिठी मारून त्याच्याकडं वळून बसली. ती रागावली नव्हती. उलट आपल्या नवऱ्याला या गोष्टीचं एवढं वाटलं, याचं तिला मनातून थोडं बरं वाटलंय, असं काहीतरी तिच्या डोळ्यांत होतं. "एवढं काय मनाला लावून घेता," ती म्हणाली. "सांगू का तुमाला?"

"नको," सुग्रीव म्हणाला. एकदम म्हणाला, जवळजवळ ओरडून. कल्याणनं ओळखून घेतलेली वस्तू आपण मागून घ्यायची? "सांगू नको. मी ओळखतो."

तेव्हा रेणुका हसली. तेच हसू, नाकातल्या नाकात, पाडव्याला भिंतीकडं तोंड असताना त्यानं नुसतं ऐकलं होतं ते. आता पहिल्यांदा ते त्याला समोरून दिसलं. खालचा ओठ दातात धरलेला, भुवया जरा वर, आणि चेहरा एकदम दहाबारा वर्षांच्या पोरीचा, खेळात राज्य दुसऱ्यावर आल्यावर होतो तसा. ही पोरगी आपल्या घरात चार वर्षं होती, असं त्याला वाटलं. ती वाट बघत होती. खरोखरीच बघत होती. यानं ओळखावं असं तिला मनापासून वाटत होतं, त्याला मदत करावी म्हणून डोळ्यांनीच जणू एकेक अक्षर पुढं करत होती. ओळखा की मंग, ती म्हणाली. सुग्रीवनं आपल्या डोक्यात शब्द शोधला. पाऊस होता, कोकरू होतं, लांडगा होता, पण सगळे अर्ध्यावर सोडलेले, कुणालाच नाव नव्हतं. त्यानं आणखी शोधलं. तिचं हसू समोर होतं, ऊन होतं, पोती धप धप पडत होती, काहीतरी म्हणायलाच हवं होतं, आणि आठवडाभर घोकून घोकून जिभेला जे एकच वळण पडलं होतं त्या वळणानं जीभ गेली.

"कल्याण," तो म्हणाला.

आपण काय बोललो ते त्याला कानानंच कळलं. रेणुकाचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं, कारण तिला आधी वाटलं की हा कल्याणबद्दल काहीतरी पुढं बोलणार आहे, आणि ती ऐकायला थांबली. मग तिला कळलं की पुढं काही नाही, हेच उत्तर आहे. तिनं गुडघ्यांभोवतीचे हात सोडले. खाली बघत राहिली, ताट पुन्हा मांडीवर ओढलं, डाळीतून बोट फिरवलं, पण खडा कुठलाच उचलला नाही. सुग्रीवला म्हणायचं होतं की तसं नव्हे, तोंडातून चुकून गेलं, नुसतं तोंडात बसलं होतं म्हणून गेलं. पण ते तोंडात का बसलं होतं, हे सांगायला लागलं असतं.

"माझी मेंढी व्हती," रेणुका म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "सगळ्या वाड्याच्या पुढं चालायची. वस्तीवरच्या कुन्याबी पोराला इचारा, सांगंल. मेंढीचं नाव हाय ते."

नाव काय, ते तिनं सांगितलं नाही, आणि सुग्रीवला विचारायला तोंड राहिलं नव्हतं.